ओळीच्या शेवटी आकडा छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : रविवार पुरवणीतील क्रोशाच्या कृती

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'एका तासात शिका क्रोशे' या मथळ्याखाली फुलदाणीखाली ठेवायच्या चौकोनाची कृती आली होती. त्या कृतीबरहुकूम केलेला माझा चौकोन हे पत्र लिहिताना समोर टेबलावर आहे. त्याची पहिली ओळ २० टाक्यांची आणि चौदावी ७ टाक्यांची. शाळेत अशा आकृतीला समलंब चौकोन म्हणत, तेव्हा चौकोन हा शब्द अगदीच खोटा ठरत नाही. फुलदाणी मात्र त्यावर मावत नाही.

मी २९ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. ऱ्हस्व-दीर्घापासून पानांच्या क्रमांकापर्यंत दुसऱ्यांच्या चुका धरायच्या, हाच धंदा. त्यामुळे चूक दिसली की ती आपली नसणारच, असं गृहीत धरायची खोड लागली आहे. या वेळी निम्मी चूक माझीच होती, हे आधीच कबूल करते. उरलेल्या निम्म्या चुकीसाठी हे पत्र.

सुईदोऱ्याशी माझा संबंध आजवर बटण लावण्यापुरता होता. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी हात रिकामे राहू लागले आणि रिकामा हात आपोआप मोबाइलकडे जातो, ते मला आवडेना. छापलेलं नीट वाचलं तर कोणतीही गोष्ट शिकता येते, असा माझा समज होता. त्या समजावर मी आयुष्यभर पोट भरलं आहे. म्हणून कुठल्या वर्गाला गेले नाही, व्हिडिओ पाहिले नाहीत. पुरवणीचं पान कापून घेतलं आणि वहिनींकडून एक सुई मागवली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. क्रोशे त्यांच्या हातात पन्नास वर्षं आहे आणि बोलता बोलता, न बघता त्या विणतात. तुमच्या कृतीत एकच ओळ साहित्याची होती : 'क्रोशाची सुई, लोकर.'

कोणती सुई? वहिनींनी पाठवली ती पोलादी, टाचणीपेक्षा थोडी जाड, बारीक दोऱ्याच्या लेससाठीची. तिच्यावर क्रमांक होता, पण मिलिमीटर नव्हते. नंतर कळलं की या पोलादी सुयांचे क्रमांक उलटे चालतात, क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. आणि लोकर मी आणली होती काळी, मऊ, केसाळ, मांजराच्या अंगासारखी. हातात घेतल्यावर सुखद वाटली म्हणून आणली. त्या बारीक सुईच्या टोकाला जो वाकडा आकडा असतो, त्यात लोकरीचा पूर्ण धागा कधी येईचना. दोन पदर यायचे, दोन मागे राहायचे, आणि काळ्या केसाळ धाग्यात टाका कुठला, भोक कुठलं, हे दिव्याखाली धरूनही दिसत नसे. लोकरीच्या लडीवर जो कागदी पट्टा असतो, त्यावर किती मिलिमीटरची सुई वापरावी ते छापलेलं असतं. मी तो पट्टा पहिल्याच दिवशी फाडून टाकला होता. मुद्रितशोधकानं छापील मजकूर न वाचता फेकला, हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटी ५ मिलिमीटरची सुई आणि फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणली, तेव्हा कुठे मला टाक्याचं तोंड दिसलं. वरून पाहिलं की प्रत्येक टाक्याला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन तारा असतात आणि त्या दोन्हींच्या खालून सुई घालायची असते. एकाच तारेखालून घातली तरी विणलं जातं, पण पोत वेगळा येतो, कापड सैल आणि धारीधारीचं होतं. माझ्या पहिल्या पाच ओळींत कधी एक तार आहे, कधी दोन. 'फिकी, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई' एवढं छापायला अर्धी ओळ पुरली असती.

आता कृतीचं पहिलं वाक्य. 'प्रथम सुरगाठ मारून २२ साखळ्या घाला.' सहा शब्द. या सहा शब्दांना मला नऊ दिवस लागले. सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक मला व्युत्पत्तीसकट सांगता येतो, पण बोटांना तो माहीत नव्हता. मी मारली ती प्रत्येक वेळी निरगाठ निघाली. सुरगाठ जमली तर साखळी, म्हणजे सुईवरच्या फासातून धागा ओढून केलेला नवा फास, जमेना. उजव्या हातात सुई पेन्सिलीसारखी धरायची की सुरीसारखी, हे कृतीत नव्हतं. (दोन्ही चालतं. मी पेन्सिलीसारखी धरते, हे ओघानं आलंच.) खरं काम डाव्या हाताचं असतं, याचाही कुठे उल्लेख नव्हता. धागा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून सोडायचा, अंगठा आणि मधल्या बोटानं विणलेला भाग सुईच्या अगदी जवळ धरायचा, आणि तर्जनी वरखाली करून धाग्याचा ताण राखायचा. माझी तर्जनी सरळ उभी राहायची, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखी, आणि दहा मिनिटांत दुखू लागायची.

पहिल्यांदा २२ साखळ्या पूर्ण झाल्या तेव्हा त्या इतक्या आवळलेल्या होत्या की सुई पुन्हा आत जाईना. फोनवर वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो वन्सं, धागा कुठे पळून चाललाय का, एवढा कशाला आवळताय?" ऐकायला छान, पण सैल सोडला तर साखळ्या गळ्यातल्या माळेएवढ्या लोंबू लागल्या. वहिनींचं ज्ञान त्यांच्या हातात आहे, तोंडात नाही. "हात जातो तसा जाऊ द्या," एवढंच त्या सांगू शकतात, आणि माझा हात कुठेच जात नव्हता.

कारण मला चौथ्या दिवशी सुईकडे टक लावून पाहताना सापडलं. सुईच्या आकड्याच्या मागे मान निमुळती होते आणि मग सारख्या जाडीचा दांडा सुरू होतो. ५ मिलिमीटर हे माप त्या दांड्याचं असतं. मी फास मानेतच ठेवून ओढत होते, म्हणजे ५ ची सुई घेऊन ३ चे टाके घालत होते. फास दांड्यावर सरकवून मग पुढचा धागा ओढला की सगळे फास एका मापाचे होतात. एवढं समजल्यावर साखळ्या सुधारल्या. ज्यांच्या सुधारत नाहीत त्यांनी फक्त साखळीच्या ओळीपुरती एक माप मोठी सुई घ्यावी, हाही उपाय चालतो.

मग मोजणी. सुईवर असलेला फास साखळीत धरायचा नाही आणि सुरगाठही धरायची नाही. हे ज्याला येतं त्याला इतकं उघड वाटतं की छापावंसं वाटत नाही. मी दोन्ही मोजत होते, म्हणून माझ्या २२ साखळ्या खरं तर २० होत्या. आणि 'सुईपासून चौथ्या साखळीत' म्हणजे कोणती चौथी, यावर मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली. तिथेही सुईवरचा फास सोडूनच मोजायचं असतं.

इथपर्यंत माझ्या अज्ञानाचा हिशेब झाला. आता समलंबाकडे येते.

कृतीत लिहिलं होतं : 'सुईपासून चौथ्या साखळीत आणि पुढच्या प्रत्येक साखळीत एक डबल क्रोशे. ३ साखळ्या घालून वळा. प्रत्येक टाक्यात डबल क्रोशे. याप्रमाणे चौकोन होईपर्यंत विणा.' २२ साखळ्यांतल्या पहिल्या ३ उभ्या राहून एका टाक्याची जागा घेतात, उरलेल्या १९ मध्ये १९ टाके, एकूण २०. वळताना घातलेल्या ३ साखळ्याही अशाच पुढच्या ओळीतला पहिला टाका होतात. म्हणून बुडाशी लागून असलेला टाका सोडून द्यायचा. पण मग ओळीच्या शेवटी, मागच्या ओळीतल्या त्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर एक टाका घालायलाच हवा. तो माथा टाक्यासारखा दिसत नाही. कडेला सुटलेला धागा असावा तसा दिसतो. मी तो दरवेळी सोडला. प्रत्येक ओळीत एक टाका गेला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या झाल्या आणि मला ती नक्षी वाटली! पहिला टाका सोडला नसता आणि शेवटच्या माथ्यावरही घातला असता, तर उलट दर ओळीला एक वाढून छत्री उघडावी तसं कापड रुंदावलं असतं.

वहिनींना फोटो पाठवला. त्या पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, "शेवटचा टाका डोळ्यांना दिसत नाही वन्सं, बोटानं चाचपायचा असतो." त्यांना हे पन्नास वर्षं माहीत होतं, पण मी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणि ते विचारायचं असतं, हे मला कसं कळावं?

संपादक महाशय, माझं मुख्य मागणं या ठिकाणी आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात टाक्यांचा आकडा छापत जा. 'पहिली ओळ (२० टाके). दुसरी ओळ (२० टाके).' एवढंच. कंसात २० असतं तर दुसऱ्याच ओळीला १९ मोजून मी थांबले असते. चौदा ओळी पुढे गेले नसते. छापखान्यात आम्ही फर्म्याची, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची, पानं मोजायचो, आकडा जुळला नाही की यंत्र सुरू व्हायचं नाही. कुठलं पान गळलं हे नंतर बघू, काहीतरी गळलं आहे हे आधी कळलं पाहिजे. नवशिक्याला टाका ओळखू येत नाही, पण विसापर्यंत मोजता येतं. इंग्रजीतल्या बहुतेक कृतींत हा आकडा असतो. तुमच्याकडे तो जागेअभावी गेला असेल, तर त्याच पानावरचा फुलदाणीचा भलामोठा फोटो थोडा लहान करता आला असता.

दुसरी गोष्ट नावांची. 'डबल क्रोशे' हा शब्द छापताना तो अमेरिकी की ब्रिटिश, हे सांगणं भाग आहे. दोन्हीकडे इंग्रजीच, पण अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल म्हणतात, आणि अमेरिकेचं डबल ते ब्रिटनचं ट्रेबल. एका पायरीचा फरक सगळीकडे चालत जातो. माझ्याजवळच्या एका जुन्या पुस्तिकेत ब्रिटिश नावं आहेत. तिच्यात बघून मी तुमचा डबल घातला, तर बुटके, दाट टाके आले आणि कडेला वळणाच्या ३ साखळ्या कमानीसारख्या फुगून उभ्या राहिल्या. त्या फुगीवरूनच मग उलगडा झाला. ३ साखळ्यांची उंची उंच टाक्याला लागते, बुटक्याला एक साखळी पुरते. तेव्हा तुमची कृती अमेरिकी होती. आणखी एक खूण मला नंतर सापडली. कृतीत कुठेही 'सिंगल क्रोशे' हा शब्द आला असेल तर ती सहसा अमेरिकीच समजावी. ब्रिटिश पद्धतीत ते नाव वापरत नाहीत.

पण मुळात हा घोळ आपल्याला हवाच कशाला? वहिनी डबल-ट्रेबल काही म्हणत नाहीत. त्या 'खांब' म्हणतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. सुई टाक्यात घालून धागा बाहेर काढला की सुईवर दोन फास होतात. धाग्याचा वेढा घेऊन दोन्हींतून एकदम ओढला तर मुका खांब. आधीच एक वेढा घेऊन सुई आत घातली तर सुईवर तीन फास येतात. तिन्हींतून एकदम ओढला तर अर्धा खांब, दोन-दोन करून दोनदा ओढला तर पूर्ण खांब. विणलेल्या तुकड्याकडे आडवं पाहिलं की खरोखरच खांबांची ओळ दिसते, ओसरीला असते तशी. मुक्या खांबाला मुका का म्हणतात हे वहिनींना सांगता आलं नाही. मला वाटतं, उंचीच नसल्यामुळे तो खांब असून खांबासारखा दिसत नाही, म्हणून असेल. पण हा माझा तर्क आहे, व्युत्पत्ती नव्हे. नावं घरोघरी थोडी बदलतातही. तरी 'डबल'पेक्षा 'खांब' वाचून बोटांना काहीतरी समजतं. आपल्या पुरवणीत हे शब्द येऊ द्या, आणि पहिल्याच रकान्यात कोणता शब्द कोणत्या टाक्यासाठी वापरला आहे ते एकदा सांगून टाका.

तेही नको असेल तर चिन्हं छापा. जपानी कृतींत शब्द कमी आणि आकृत्या जास्त असतात. भाषा न कळता त्या वाचता येतात. साखळीला लहानसा लंबगोल. मुक्या खांबाला फुली किंवा अधिकचं चिन्ह. अर्ध्या खांबाला उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर आडवी रेघ, म्हणजे अगदी शिरोरेघ दिलेला काना. पूर्ण खांबाला त्याच कान्यावर मध्ये एक तिरकी रेघ. दोन वेढ्यांच्या खांबाला दोन तिरक्या रेघा. अर्धा खांब सोडला तर जितके वेढे तितक्या तिरक्या रेघा! हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. आयुष्यभर काने आणि वेलांट्या तपासल्या, त्यांनी विणताही येतं हे साठीनंतर कळलं.

आता दुसऱ्या कृतीबद्दल, म्हणजे पुढच्या रविवारी आलेल्या गोल आसनाबद्दल. तिथली चूक मात्र सर्वस्वी आपली, आणि तिच्याबद्दल माझी तक्रारही नाही. का, ते पुढे सांगते.

त्यात लिहिलं होतं : 'पहिल्या फेरीत ६ मुके खांब. यापुढे प्रत्येक टाक्यात २ टाके.' (हो, इथे मात्र 'मुके खांब' होतं. दोन रविवारी दोन वेगवेगळ्या भाषा.) मी तसं केलं. ६ चे १२ झाले. १२ चे २४. २४ चे ४८. चौथ्या फेरीला कापड टेबलावर बसेना, कडा लाटेसारखी वर यायची. पाचवी फेरी ९६, सहावी १९२. ती सहावी फेरी पुरी करायला मला दोन दिवस लागले आणि हातात जे उरलं ते आसन नव्हतं. झालरीवर झालर, तिच्यावर झालर, अशी मुठीत मावणारी एक गुंतवळ होती.

दुपटीचा नियम फक्त दुसऱ्या फेरीपुरता असतो, ते वाक्य बहुधा जुळणीत गळलं. सपाट वर्तुळासाठी प्रत्येक फेरीला ६ टाकेच वाढवायचे : ६, १२, १८, २४, ३०, ३६. सहाच का, हे मी कागदावर करून पाहिलं. फेरी एका टाक्याच्या उंचीनं बाहेर सरकली की परीघ त्या उंचीच्या २π पट वाढतो, म्हणजे सव्वासहा पटीच्या आसपास. मुका खांब जेवढा उंच जवळजवळ तेवढाच रुंद असतो, म्हणून सहा टाक्यांची भर पुरते. पूर्ण खांब उंचीला साधारण दुप्पट, म्हणून त्याची सुरुवात १२ नं होते आणि दर फेरीला १२ वाढतात. कमी वाढवले तर कडा आत ओढली जाऊन वाडगा होतो, जास्त वाढवले तर झालर. गणितात मी शाळेत कधी चमकले नाही. पण हे कागदावर सुटलं तेव्हा शाळेतला π (पाय) किती दिवसांनी उपयोगाला आला, असं वाटलं.

आणि ती गुंतवळ! माझी भाची गणित शिकवते. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "मावशी, हे तू मुद्दाम केलंस?" तिनं सांगितलं ते असं. ज्या पृष्ठभागावर एका रेषेला एका बिंदूतून कितीतरी समांतर रेषा काढता येतात, त्या अतिवलयी (इंग्रजीत हायपरबोलिक) पृष्ठभागाची हातात धरता येईल अशी प्रतिकृती करणं गणितज्ञांना अवघड जात होतं. कागदाच्या पट्ट्या चिकटवून करत, त्या फाटत. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिन्या यांनी ती क्रोशानं विणून दाखवली. कृती एका वाक्याची : इतके टाके झाले की एक वाढवा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलू नका. तुमच्या गळलेल्या वाक्यानं मला नेमकं तेच करायला लावलं होतं, फक्त प्रमाण सगळ्यांत टोकाचं, प्रत्येक टाक्याला एक वाढ. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी याच युक्तीनं विणलेल्या प्रवाळांचा अख्खा प्रकल्प उभा केला, कारण समुद्रातल्या कितीतरी प्रवाळांच्या आणि पाणगोगलगाईंच्या कडा अशाच झालरी-झालरींच्या असतात. म्हणून तक्रार नाही म्हटलं. मुद्रणदोषातून प्रवाळ उगवल्याचं माझ्या कारकिर्दीतलं हे एकमेव उदाहरण आहे, आणि तेही निवृत्तीनंतरचं.

तरीही शुद्धिपत्र छापा. सगळ्यांच्या घरी गणिताची भाची नसते.

भाचीनं क्रोशाच्या इतिहासाबद्दल थोडं वाचायलाही दिलं. त्यातलं एक आपल्याला सांगावंसं वाटतं, कारण ते आपल्या व्यवसायाचं आहे. क्रोशे हा शब्द फ्रेंच, अर्थ लहान आकडा. आणि क्रोशाच्या सर्वांत जुन्या ज्ञात छापील कृती पुस्तकात आलेल्या नाहीत. त्या १८२३ च्या सुमारास 'पेनेलोपे' नावाच्या एका डच नियतकालिकात आल्या. त्यानंतर १८४० च्या दशकात ब्रिटनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दियेर यांच्या कृतिपुस्तिका निघू लागल्या. त्याच दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकाला रोग लागून मोठा दुष्काळ पडला आणि असंख्य बायकामुलींनी क्रोशाची लेस विणून घर चालवलं. व्हेनिसची सुईनं केलेली लेस करायला फार वेळ लागे, तिच्याच वळणाची लेस क्रोशाच्या आकड्यानं पुष्कळ लवकर होई. त्या बायकांनी 'एका तासात शिका' वाचून विणलं नसणार, एवढं नक्की.

तो मथळा मला खरंच खटकला. माझ्यासारखी बाई तासाभरानं घड्याळ बघते, हातात वाकडी साखळी असते, आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून सुई खणात टाकते. मीही सहाव्या दिवशी टाकली होती. परत काढली ती जिद्दीनं वगैरे नव्हे. खणात कात्री शोधत होते, सुई टोचली. नऊ दिवस साखळी, मग तीन आठवडे सरळ कडेचा चौकोन, असा माझा वेग आहे. याहून हळू शिकणाऱ्याही असतील. पुढच्या वेळी कृतीबरोबर नवशिकीनं केलेल्या तुकड्याचे फोटो छापा : हा आवळलेल्या साखळीचा, हा शेवटचा टाका सोडलेला, हा वाडगा झालेला. आदर्श चौकोनाचा फोटो पाहून मला एवढंच कळलं की माझा तसा नाही. कशामुळे नाही, ते चुकलेल्या तुकड्याचा फोटो सांगतो. नमुने मी पुरवीन, माझ्याकडे एक पिशवीभर आहेत.

एक गोष्ट मात्र आपल्या कृतीत छापलेली नसूनही मला लगेच उमगली, आणि या कामात सगळ्यांत जास्त आवडली. उसवणं. दोन सुयांच्या विणकामात सुईवर सगळ्या ओळीचे टाके जिवंत असतात, एक निसटला की खाली शिडी पडत जाते. क्रोशात जिवंत फास एकच. तो सोडायचा, धागा ओढायचा, आणि टाके ज्या क्रमानं घातले त्याच्या उलट क्रमानं टपटप सुटत जातात. हवं तिथे थांबायचं, फासात सुई घालायची, पुढे चालू. छापून झालेल्या अंकातली चूक मला २९ वर्षांत एकदाही अशी ओढून काढता आली नाही. पहिल्यांदा चौदा ओळी उसवायच्या होत्या तेव्हा हात धजेना. मग वाटलं, हा समलंब राहू दे, पुरावा म्हणून, आणि नवी लोकर घेतली. त्यानंतर मात्र इतकं उसवलं आहे की एका लडीची लोकर कुरळी झाली. ओली करून, ताण न देता वाळवली की पुन्हा बऱ्यापैकी सरळ होते, असं वहिनी सांगतात आणि ते खरं निघालं.

अंगठ्याचं दुखणं राहिलं. पहिल्या महिन्यात सुई इतकी घट्ट धरायचे की सकाळी अंगठा वळायचा नाही. आता वीस-पंचवीस मिनिटांनी सुई खाली ठेवते, खिडकीबाहेर बघते. कृतीत हेही असतं तर बरं झालं असतं. डावखुऱ्यांचाही एखाद्या ओळीत विचार व्हावा. त्यांना सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं करावं लागतं. माझा धाकटा भाऊ डावखुरा आहे. तो समोर बसला आणि माझे हात बघून पाच मिनिटांत साखळी शिकला, मला नऊ दिवस लागलेली. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

सध्या गोल आसनाची बारावी फेरी चालू आहे, शुद्ध कृतीप्रमाणे. फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्यात लाल धाग्याचा तुकडा अडकवून ठेवते. लाल रंगाची सवय जात नाही. नियमानं बाराव्या फेरीला ७२ टाके हवेत. काल रात्री दोनदा मोजले, दोन्ही वेळा ७१ आले. अकराव्या फेरीत ६६ होते, ते तपासून ठेवले आहेत. म्हणजे गळती याच फेरीतली आहे. सहा वाढींपैकी एक कुठेतरी द्यायची राहिली. हे पत्र पाकिटात घातलं की दिवा जवळ घेऊन ती शोधायला बसणार आहे.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(निवृत्त मुद्रितशोधक)

ता. क. : वहिनी गेल्या आठवड्यात चार दिवस राहायला आल्या होत्या. १९२ टाक्यांचं ते प्रवाळ मी उसवायला घेतलं, तर त्यांनी हातातून काढून घेतलं आणि जाताना आपल्या पिशवीत घालून नेलं. तेवढी लोकर माझ्याकडे कमी पडते आहे.